सलाईन म्हणजे जेवण नव्हे

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या घरातल्या माणसाच्या उपयोगाची आहे.

आपल्याकडे उपोषण सुरू झालं की पाचव्या-सहाव्या दिवशी एक ठरलेली बातमी येते : "प्रकृती खालावली, सलाईन लावण्यात आली." खाली लगेच भांडण जुंपतं. विरोधातला म्हणतो, "हे कसलं उपोषण, बाटलीतून जेवण चालू आहे की!" बाजूचा म्हणतो, "डॉक्टरांनी बळजबरीनं लावली." कोणाचं उपोषण खरं आणि कोणाचं खोटं, हे मला इथे ठरवायचं नाही. मला गंमत याची वाटते की दोघांचा एक समज सारखाच असतो. त्या बाटलीत जेवण आहे, असं दोघांनाही वाटतं.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान चालवतो, त्यामुळे या बाटल्या रोज माझ्या हातातून जातात. कांद्याची लागवड झाली, सोयाबीनची काढणी झाली, की माणसं दवाखान्यात येतात. "अंगात कसर आहे, हातापायात त्राण नाही, एक बाटली लावा डॉक्टर." त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टाकलं की बाटली पिवळी होते. मग ती 'ताकदीची सलाईन'. पांढरीपेक्षा पिवळीवर लोकांचा विश्वास जास्त.

आता हिशेब करू. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. उष्मांक शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ज्याला आपण ग्लुकोजची बाटली म्हणतो तिच्यात, २५ ग्रॅम साखर असते. चहाचे पाच चमचे. त्यातून साधारण ८५ कॅलरी मिळतात. म्हणजे तीन-चार पार्ले-जी. ज्वारीची एक भाकरी त्याहून जास्त देते, आणि भाकरी खायला सुई टोचावी लागत नाही. प्रथिनं? नाहीत. स्निग्ध पदार्थ? नाहीत.

याचा अर्थ सलाईन निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला, डेंग्यूत रक्तदाब घसरलेल्याला, ऑपरेशनच्या टेबलावरच्या रुग्णाला ती जीव देते. पण ती पाणी देते, मीठ देते, थोडी साखर देते. ती जेवण देत नाही.

मग शिरेतून खरोखर जेवण देता येतं का? येतं. पोट, आतडी काहीच चालत नसताना माणसाला वर्षानुवर्षं जगवता येतं. ते जमायला तीनशे वर्षं लागली. त्या धडपडीतली दोन-तीन पानं आपल्या देशातली आहेत, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

सुरुवात इंग्लंडात झाली. रक्त शरीरात गोल फिरतं हे विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये लिहून ठेवलं. मग कोणाच्या तरी डोक्यात येणारच होतं की शिरेत काही सोडलं तर ते सगळीकडे पोचेल. १६५६ मध्ये ख्रिस्तोफर रेन या माणसानं, ज्यानं पुढे लंडनचं सेंट पॉल चर्च बांधलं, त्यानं कुत्र्याच्या शिरेत दारू सोडून पाहिली. सुई नव्हती, म्हणून पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी. बाटली नव्हती, म्हणून जनावराचं मूत्राशय. कुत्रं झिंगलं. तोंडानं काहीही न घेता शिरेतून गेलेली गोष्ट अंगाला लागू पडते, एवढं त्यातून सिद्ध झालं.

त्यापुढचं मोठं पाऊल कॉलऱ्यानं टाकायला लावलं. १८३१-३२ मध्ये कॉलरा ब्रिटनमध्ये पोचला. विल्यम ओशॉनेसी नावाच्या एका तरुण आयरिश डॉक्टरनं रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत घाला. पुस्तकात वाचून सोडून देण्याजोगी सूचना नव्हती ती. स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरनं मे १८३२ मध्ये ती अमलात आणली. पहिली रुग्ण एक म्हातारी बाई. नाडी लागत नव्हती. त्यांनी अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर खारं पाणी शिरेत सोडलं. बाई डोळे उघडून बोलायला लागली. लाटा रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून गेले. जुलाब परत सुरू झाले, पाणी परत कोणी दिलं नाही, आणि काही तासांत ती गेली. पुढे त्यांनी इतर रुग्ण वाचवलेही, पण ही पद्धत त्या वेळी रुजली नाही. १८३३ मध्ये लाटा स्वतःच वारले.

ओशॉनेसींचं पुढे काय झालं माहितीये? ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि नंतर हिंदुस्थानातल्या तारयंत्राचे प्रमुख झाले. १८५०च्या दशकात कलकत्त्याहून आग्र्यामार्गे मुंबईपर्यंत जी तार आली, ती याच माणसाच्या देखरेखीखाली. आपल्या दवाखान्यातल्या बाटलीची मूळ कल्पना आणि आपल्या देशातली पहिली तार, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेल्या.

पाणी-मीठ जमलं. मग लोक अन्नाकडे वळले. पहिला विचार कुणालाही सुचेल तोच : दूध! कॅनडातल्या टोरांटोमध्ये एडवर्ड हॉडर या डॉक्टरनं कॉलऱ्याच्या काही रुग्णांच्या शिरेत गाईचं दूध सोडलं. त्यातले काही वाचलेही. मग काही वर्षं अमेरिकेत या दुधाची फॅशनच आली. पण थंडी वाजून ताप भरणं, छातीत दुखणं, मृत्यू, असे प्रकार वाढले आणि दूध मागे पडलं.

कारण सोपं आहे, पण ते कळायला वेळ लागला. आपण जेवतो तेव्हा अन्न सरळ रक्तात जात नाही. दात, जठर, आतडी मिळून त्याचे बारीक बारीक तुकडे करतात. प्रथिनाचं अमिनो आम्ल होतं, पिठाची साखर होते, तेलाचे सूक्ष्म थेंब होतात. आतड्याचं अस्तर पहारेकऱ्यासारखं उभं असतं, हवं ते आत घेतं, नको ते अडवतं. शिरेत सुई घातली की हा पहारेकरी बाजूला होतो. अख्खं प्रथिन रक्तात गेलं की शरीर त्याला शत्रू समजतं.

आणि तापाचं काय? साध्या सलाईननंही लोकांना थंडी-ताप भरायचा. पाणी उकळलेलं, जंतू मेलेले, तरी ताप. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सीबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की जंतू मेले तरी त्यांचे अंश पाण्यात उरतात, आणि ते ताप आणतात. मग पाणी कसं ऊर्ध्वपातित करायचं, कसं साठवायचं याचे नियम झाले. आज आपण निर्धास्तपणे बाटली लावून घेतो, त्यामागे या बाईंचं काम आहे. त्यांचं नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१९३०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईस इथल्या रॉबर्ट एलमन या सर्जननी युक्ती काढली. दुधातलं प्रथिन, केसीन, बाहेरच 'पचवायचं', त्याचे तुकडे करायचे आणि ते पाणी शिरेत द्यायचं. याला म्हणतात प्रोटीन हायड्रोलायसेट. १९३७च्या सुमारास माणसाला ते देता येतं हे दिसून आलं. पहिल्यांदाच शिरेतून साखरेपलीकडचं काही अंगात गेलं.

आणि इथे आपलं पान येतं. वाईट पान आहे.

१९४३. बंगालचा दुष्काळ. वीस ते तीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. कलकत्त्याच्या फुटपाथवर हाडांचे सापळे येऊन पडत होते. तिथल्या डॉक्टरांपुढे असे रुग्ण होते की तोंडाशी अन्न नेलं तरी गिळायची ताकद नाही, गिळलं तर जुलाब. त्यांनी प्रोटीन हायड्रोलायसेट तयार केलं आणि शिरेतून दिलं. काही जण वाचले, आणि त्यांनी तो उपाय आशादायक म्हणून कळवला. त्या डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. हाताशी जे होतं त्यानं त्यांनी माणसं वाचवायचा प्रयत्न केला. पण लाखो लोकांना शिरेतल्या प्रथिनांची गरज नव्हती. त्यांना महिन्याभरापूर्वी तांदूळ हवा होता.

बंगालचा हा अनुभव युरोपात पोचला. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश फौजा जर्मनीतल्या बेल्सन छळछावणीत शिरल्या. सुमारे ६०,००० माणसं जिवंत होती, आणि जिवंत म्हणण्यासारखी नव्हती. सुटका झाल्यानंतरही त्यातली हजारो मेली. जॅनेट व्हॉन या डॉक्टर बाई आपल्या सहकाऱ्यांबरोबर हायड्रोलायसेटच्या बाटल्या घेऊन तिथे गेल्या. मोठ्या आशेनं. पण सुई आणि नळी दिसली की रुग्ण किंचाळायला लागायचे. छावण्यांमध्ये सुई टोचून माणसं मारलेली त्यांनी पाहिली, ऐकली होती. त्यांच्या लेखी सुई म्हणजे मरण. आणि ज्यांनी नळी लावून घेतली त्यांनाही फार फायदा दिसला नाही. व्हॉन बाईंचा निष्कर्ष असा, की तोंडानं थोडं थोडं, वारंवार दिलेलं दूध या बाटल्यांपेक्षा चांगलं. त्याच छावणीत 'बेंगॉल फॅमिन मिक्स्चर' नावाचं दूध पावडर आणि साखरेचं मिश्रणही दिलं गेलं. ते युरोपातल्या लोकांना इतकं गोड लागलं की पुष्कळांना जाईना.

बेल्सनचा धडा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा. भुकेल्याला अन्न लागतं. शिरेतलं अन्न हे भुकेवरचं औषध नाही. ते आतडी बंद पडलेल्या माणसासाठी आहे.

आता त्या माणसाकडे वळू.

१९३६ मध्ये हायरम स्टडली या अमेरिकन सर्जननी पोटाच्या अल्सरच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला. ज्यांचं वजन ऑपरेशनआधी २० टक्क्यांपेक्षा जास्त घटलं होतं, त्यातले तिघांमागे एक दगावला. ज्यांचं तेवढं घटलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण साडेतीन टक्के. सर्जन तोच, सुरी तीच. फरक फक्त पोषणाचा.

पंचवीस वर्षांनी, १९६१च्या सुमारास, फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक नावाचा एक शिकाऊ सर्जन होता. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या गावातला. एका शनिवार-रविवारी त्याच्या देखरेखीतले तीन रुग्ण गेले. तिघांचीही ऑपरेशनं नीट झालेली. पोरगा खचला. त्याच्या वरिष्ठांनी, आयसिडोर रॅव्हडिन यांनी, त्याला सांगितलं की हे तुझ्या हातून गेले नाहीत, हे कुपोषणानं गेले. आतडी चालत नाहीत तोवर यांना खाऊ घालायची सोयच आपल्याकडे नाही. डड्रिकनं ते मनावर घेतलं.

अडचण काय होती ते समजून घ्या. दिवसाला २,००० कॅलरी हव्यात. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजमधून त्या द्यायच्या तर जवळजवळ १२ लिटर पाणी शिरेत सोडावं लागेल. फुप्फुसं बुडतील. बरं, साखर घट्ट करावी, पाचऐवजी वीस-पंचवीस टक्के, तर हाताची बारीक शीर दोन दिवसांत सुजते, लाल होते, आत रक्त गोठतं. पातळ दिलं तर माणूस बुडतो, घट्ट दिलं तर शीर जळते. या कोंडीत सगळे वर्षानुवर्षं अडकले होते.

कोंडी दोन बाजूंनी फुटली.

एक बाजू स्वीडनची. आर्विड व्रेटलिंड म्हणाले, साखरच कशाला? तेलात दुपटीहून जास्त कॅलरी असतात. पण तेल रक्तात सोडलं तर ते अडकून माणूस मरतो. अमेरिकेत सरकीच्या तेलाचं एक औषध येऊन त्याच्या दुष्परिणामांमुळे बाजारातून गेलंच होतं. व्रेटलिंडनी सोयाबीनचं तेल घेतलं आणि अंड्याच्या बलकातल्या फॉस्फोलिपिडनं त्याचे इतके बारीक थेंब केले की ते जेवणानंतर रक्तात फिरणाऱ्या चरबीच्या थेंबांसारखे झाले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे 'इंट्रालिपिड' युरोपात आलं. दुधासारखी पांढरी बाटली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हॉडरनं जे दुधानं करायला घेतलं होतं, ते आता नीट जमलं. आणि सोयाबीन पिकवणाऱ्या माझ्या मराठवाडा-विदर्भातल्या मित्रांनो, तुमचं पीक अतिदक्षता विभागात असंही पोचतं.

दुसरी बाजू डड्रिकची. घट्ट द्रव द्यायचाच, पण बारीक शिरेत नाही. हृदयाच्या अगदी वर असलेल्या महाशिरेत. तिथे रक्ताचा लोंढा एवढा मोठा की घट्ट साखर पडताक्षणी पातळ होते. नदीच्या पात्रात कळशीभर काकवी ओतल्यासारखं. गळ्याच्या हाडाखालून त्या शिरेपर्यंत पोचायची वाट फ्रेंच सर्जन रोबेर ओबानियाक यांनी १९५२ मध्ये दाखवून ठेवली होती. डड्रिक आणि त्याचे सहकारी डग्लस विलमोर, हॅरी व्हार्स आणि जोनाथन ऱ्होड्स यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून वाढवलं, काहींना दोनशे दिवसांहून अधिक. तोंडानं काही नाही. पिल्लं नुसती जगली नाहीत, भावंडांइतकीच वाढली.

१९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एक मुलगी होती. जन्मतः लहान आतडं जवळपास नाहीच. तोवर अशा बाळांचं एकच व्हायचं. तिला शिरेतून सगळं दिलं : साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं. ती वाढली. वजन वाढलं, उंची वाढली, डोक्याचा घेर वाढला. साधारण २२ महिने ती जगली. शेवटी गेली. पण १९६८ मध्ये तिची हकिगत छापून आली आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना कळलं की हे शक्य आहे. आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक किलोचं, सव्वा किलोचं अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत तगतं, त्याला पहिल्या काही दिवसांत शिरेतून अमिनो आम्लं मिळतात. त्यामागे ती मुलगी आहे.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. माणसं फक्त बाटलीवर जगायला लागली आणि तेव्हा कळलं की आपल्याला साध्या जेवणात काय काय असतं हेच ठाऊक नव्हतं. काहींच्या अंगावर चट्टे उठले, केस गळले : जस्त कमी पडलं होतं. टोरांटोतल्या एका रुग्णाला मधुमेहासारखी लक्षणं दिसली, वजन घटलं : क्रोमियम कमी पडलं होतं, कणभर. १९८८-८९ मध्ये अमेरिकेत जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांचा तुटवडा पडला, तेव्हा काही रुग्णांना ती न घालताच पिशव्या दिल्या गेल्या. ब-१ जीवनसत्त्वाअभावी रक्तात आम्ल साचून तीन जण दगावले. डाळ-भाताच्या ताटात जे आपोआप येतं, ते एक बाटलीत विसरलं की माणूस जातो. १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट छापून आली : अतिशय खंगलेल्या रुग्णांना उत्साहाच्या भरात पहिल्या दिवसापासून पूर्ण खुराक शिरेतून दिला आणि रक्तातलं फॉस्फरस कोसळून ते गेले. दुष्काळातून उठलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढू नये, आधी पेज द्यावी, हे आपल्या आज्या सांगायच्या. शास्त्राला ते परत शिकावं लागलं.

टोरांटोचं नाव आलं तर खुर्शीद जीजीभॉय यांच्याबद्दल सांगायलाच हवं. आडनाव वाचून जे. जे. आठवलं ना? यांचा जन्म रंगूनचा, डॉक्टरी शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, आणि १९६०च्या दशकात मुंबईत काम. अन्न अंगी न लागण्याच्या आजारावर पश्चिम भारतातल्या रुग्णांचा त्यांनी आणि त्यांच्या मुंबईकर सहकाऱ्यांनी अभ्यास केला. पुढे ते कॅनडात गेले. १९७० मध्ये त्यांच्यापुढे एक तरुण आई आली, जिची आतडी रक्त गोठून गेली होती. तिला त्यांनी शिरेतून पोषण दिलं आणि घरी पाठवलं! ती स्वतः हात धुऊन, निर्जंतुक करून, रात्री पिशवी जोडायची, झोपायची, सकाळी नळी बंद करून घरातली कामं करायची. अशी ती वीस वर्षांहून जास्त जगली. मुली मोठ्या झालेल्या पाहिल्या.

आता आपल्याकडे येऊ.

असा रुग्ण आज महाराष्ट्रात असेल तर काय होतं? मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत तीन कप्प्यांची पिशवी मिळते : साखर, अमिनो आम्लं, तेल. दिवसाचा खर्च हजारांत. वर तपासण्या वेगळ्या. घरी पाठवून वर्षानुवर्षं हे चालवणारी केंद्रं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्याला खरी गरज आहे, त्याला हे परवडत नाही. आणि ज्याला गरज नाही, तो मजुरीचे पैसे देऊन पिवळी बाटली लावून घेतो. हे उलटं गणित मला बोचतं.

या दोघांच्या मधला एक तिसराही आहे, आणि त्याची संख्या सगळ्यात मोठी. दोन वर्षांपूर्वी एक माणूस माझ्या दुकानात रोज यायचा. भावाचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं. चिठ्ठीवर रोज तेच : पाच टक्के ग्लुकोज, सलाईन, अँटिबायोटिक. आठव्या दिवशी मी सहज विचारलं, "भाऊ खातो काय?" तो म्हणाला, "तोंडानं काही नाही दादा, पण बाटल्या चालूयेत ना, तेच जेवण." त्याला तसंच वाटत होतं, आणि त्याला कोणी वेगळं सांगितलंही नव्हतं. आठ दिवस म्हणजे दिवसाला दोन-तीन भाकरींपेक्षा कमी, प्रथिन शून्य, आणि पोटावर ताजी जखम. कोणतं रुग्णालय ते सांगत नाही. एका रुग्णालयाचा प्रश्न असता तर लिहिलंच नसतं.

१९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरनी एक लेख लिहिला. रुग्णालयाच्या कपाटात लपवलेला सांगाडा, असं त्याचं नाव. माणसं आजारानं कमी आणि रुग्णालयात उपाशी राहून जास्त खंगतात, असं त्यांनी सरळ म्हटलं. चुकांची यादी दिली : रुग्णाचं वजन-उंची कोणी लिहीत नाही. तपासण्यांसाठी जेवणं चुकवली जातात. नुसत्या ग्लुकोज-सलाईनवर दिवसेंदिवस ठेवलं जातं. पोषण बघायचं काम नक्की कोणाचं, हेच ठरलेलं नसतं. पन्नास वर्षं झाली. आपल्या वॉर्डात जाऊन ही यादी ताडून पाहा.

आणि यावर उपाय म्हणून प्रत्येकाला महाशिरेतली पिशवी हवी असं मुळीच नाही. त्या नळीतून जंतू गेले तर थेट रक्तात जातात. यकृतावर ताण येतो. म्हणून या क्षेत्रातला पहिला नियमच असा : आतडं चालत असेल तर आतडंच वापरा. तोंडानं जात नसेल तर नाकातून नळी घाला, पण अन्न पोटात जाऊ द्या. मणिपूरच्या इरोम शर्मिला २००० ते २०१६ अशी सोळा वर्षं उपोषणावर होत्या. त्या सलाईनवर जगल्या असं पुष्कळांना वाटतं. नाही. त्यांना नाकातल्या नळीतून पोटात पातळ अन्न दिलं जात होतं. म्हणून सोळा वर्षं निघाली. नुसत्या सलाईनवर सोळा आठवडेही निघाले नसते.

आणखी एक आठवण देतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावण्यांत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ज्या कॉलऱ्यानं १८३२ मध्ये शिरेतली सलाईन जन्माला घातली, त्याच कॉलऱ्यात १९७१ मध्ये आपल्या डॉक्टरनं दाखवलं की पुष्कळदा तोंडाची वाटच पुरेशी असते.

तेव्हा मंडळी, घरचं माणूस दवाखान्यात असेल तर भांडू नका, पण तीन प्रश्न विचारा. एक, भरती करताना वजन लिहिलं का, आणि आज किती आहे? दोन, तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं खाणं कधी सुरू होणार? तीन, आठवडाभर ते जमणार नसेल तर पोषणाची दुसरी सोय काय? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. मी स्वतः पाहिलंय, उलट बरं वाटतं.

आणि आपल्या लोकप्रतिनिधींना एक प्रश्न विचारा. जिल्हा रुग्णालयात पूर्ण वेळ आहारतज्ज्ञ आहे का? इमारतीचं उद्घाटन, मशिनचं उद्घाटन सगळं होतं. रुग्णाच्या ताटात आणि नळीत काय जातंय हे बघायला माणूस आहे का? आतडी गमावलेल्या रुग्णाच्या घरच्या पिशवीचा खर्च सरकारी योजनेत बसतो का? बसत नसेल तर का नाही?

तुमच्या तालुक्यातलं, जिल्ह्यातलं चित्र काय आहे ते खाली लिहा. रुग्णालयाची, डॉक्टरांची नावं घेऊ नका, फक्त परिस्थिती सांगा. डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनी माझ्या मांडणीत भर घातली तर आनंदच आहे. आणि पुढच्या वेळी कोणी "अशक्तपणा आलाय, बाटली लावून घेतो" म्हणालं, तर त्याला आधी विचारा : सकाळपासून खाल्लंस काय?